दिसेनासं झालेलं पाणी



संयोजकांनी कळवलेला विषय फार ऐसपैस आहे : माणसानं पर्यावरणाचं काय केलं, हे भूगोल आणि इतिहास यांच्या आधारानं कसं अभ्यासायचं. एका तासात तो मावणार नाही. म्हणून आम्ही तो आमच्या सोयीनं लहान करून घेतला आहे. आज फक्त पाण्याविषयी बोलू; तेही परभणी जिल्ह्यातल्या, आणि त्यातही मुख्यतः जमिनीखालच्या. सुरुवात मात्र एका घरगुती गोष्टीनं करावी लागेल. ती फारशी अभिमानाची नाही.

परभणी तालुक्यात आमच्या घरची थोडी जमीन आहे. काळं रान. त्यात आजोबांच्या वेळची दगडी विहीर. बांधापलीकडं शेजाऱ्यांची विहीर. त्या शेजाऱ्यांना आम्ही सगळी भावंडं अण्णा म्हणायचो. १९८६ आणि ८७ ही वर्षं ओढीची गेली. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही भावांनी मिळून बोअर घेतलं. अडीचशे फुटांच्या आसपास चांगलं पाणी लागलं. पेढे वाटले, अण्णांनाही दिले. नंतर दोन-तीन वर्षांत असं व्हायला लागलं की, अण्णांची जी विहीर चैत्र निभावून न्यायची, ती संक्रांत झाली की तळ दाखवायची. अण्णा म्हणायचे, “मृग पहिल्यासारखा राहिला नाही बघा.” आम्हीही मान डोलवायचो. कुणी कुणाशी खोटं बोलत नव्हतं. त्यांनाही तसंच वाटत होतं आणि आम्हालाही.

पुढं किती तरी वर्षांनी, अण्णा गेल्यावर, एका व्याख्यानाच्या तयारीसाठी पावसाचे जुने आकडे चाळत होतो. तेव्हा लक्षात आलं की १९८८ आणि १९९० ही तर मराठवाड्यात चांगल्या पावसाची वर्षं! मृग काही रुसलेला नव्हता. मग विहीर का आटली? त्याचं एक संभाव्य उत्तर आमच्याच शेतात, केसिंग पाइपाच्या रूपानं, वीस वर्षं उभं होतं. आम्ही वर्गात कार्यकारणभाव शिकवत होतो, ह्यूम शिकवत होतो. आणि हे आम्हाला दिसलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, यात सिद्ध काय झालं? कबूल. सिद्ध काहीच झालं नाही. विहिरी आटायला इतरही कारणं असतात. पण प्रश्न नेमका हाच आहे. निसर्गानं केलेलं कोणतं आणि माणसानं केलेलं कोणतं, हे वेगळं कसं ओळखायचं?

हा प्रश्न काही आमच्या बांधावर पहिल्यांदा उभा राहिला नाही. १८०० साली अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट हा जर्मन संशोधक आजच्या व्हेनेझुएलातल्या व्हॅलेन्सिया सरोवराकाठी गेला. सरोवर आटत चाललं होतं. तिथल्या लोकांचं म्हणणं होतं की तळाला कुठं तरी भुयार आहे, त्यातून पाणी वाहून जातं. हुम्बोल्टनं भोवतालचे डोंगर पाहिले, तोडलेलं रान पाहिलं, निळीच्या मळ्यांसाठी वळवलेले ओढे पाहिले, आणि म्हणाला : भुयार नाही, तुम्ही आहात. त्यानं वेगळं काय केलं? सरोवराचा भूगोल आणि त्या खोऱ्यातल्या शेतीचा इतिहास शेजारी शेजारी ठेवला, एवढंच. आमच्या अण्णांचा मृग आणि तिथल्या लोकांचं भुयार यांत आम्हाला फरक दिसत नाही.

आपल्या शाळेत या दोन गोष्टी शेजारी ठेवायची सोय नाही. इतिहासाचा तास वेगळा, भूगोलाचा वेगळा. इतिहासाच्या पुस्तकात माणसं असतात, पण त्यांच्या पायाखाली जमीन नसते. भूगोलाच्या पुस्तकात जमीन असते, पण तिला वय नसतं. ‘परभणी जिल्ह्यात काळी कसदार मृदा आढळते.’ आढळते! जणू काल सकाळी कुणाला तरी रस्त्यात पडलेली सापडली. तत्त्वज्ञानातही या विभागणीला मोठमोठे आधार आहेत. नेपल्सचा व्हिको १७२५ साली म्हणाला की माणसाला खरं ज्ञान होतं ते त्यानं स्वतः घडवलेल्याचं. इतिहास माणसानं घडवला, म्हणून तो माणसाला कळू शकतो. निसर्ग ईश्वरानं घडवला, तो ईश्वरालाच कळणार. गेल्या शतकातला कॉलिंगवुड जवळपास तेच म्हणतो : निसर्गात घटना असतात, कृती नसतात; घटनेला ‘आतली बाजू’ नसते, म्हणून निसर्गाला इतिहास नाही. आम्ही हे पंचवीस-तीस वर्षं शिकवलं, आणि चांगलं शिकवलं असं विद्यार्थी म्हणतात. पण अण्णांच्या विहिरीशी हे तत्त्वज्ञान थांबतं. विहीर आटणं ही घटना की कृती? पाऊस पडणं ही घटना, हे ठीक. पाणी कुठल्या थरातून, कुणाच्या मोटारीनं, कुठल्या पिकासाठी उपसलं, ही कृती. आणि पाण्याची पातळी हा त्या दोन्हींचा एकच आकडा. त्यातलं अर्धं निसर्गशास्त्राला आणि अर्धं इतिहासाला असं वाटून देता येत नाही.

तर आधी जमीन. आपण ज्या खडकावर बसलो आहोत तो दख्खनचा बसाल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून झालेला. या खडकाचा स्वभाव पाण्याच्या बाबतीत कंजूष आहे. गंगेच्या मैदानात खाली वाळू-गाळ आहे, तो स्पंजासारखं पाणी धरतो. बसाल्टच्या अंगात पोकळी फार कमी. पाणी राहतं ते वरच्या कुजलेल्या मुरमात, सांध्यांत, चिरांत. शंभर भाग खडकातून मोकळं होणारं पाणी एक ते तीन भाग, एवढाच हिशेब. वर काळी माती : ओली झाली की फुगून तोंड मिटते, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणजे आपल्याकडं पाणी असतं ते वरच्या वीस-चाळीस-साठ फुटांत, आणि ते दर पावसाळ्यात भरावं लागतं. त्याखाली जे आहे ते फटींमधलं, जुनं, सावकाश भरणारं. वरचा थर म्हणजे महिन्याचा पगार, खालचा म्हणजे आजोबांनी पुरून ठेवलेला हंडा, असं हवं तर समजा.

या जमिनीवर आधी काय होतं? कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं : “पूर्वी इथं घनदाट जंगल होतं, माणसानं तोडलं.” हे वाक्य आम्हीही सभांमधून टाळ्यांसाठी वापरलेलं आहे. परभणी हा राज्यातल्या सर्वांत कमी वनं असलेल्या जिल्ह्यांपैकी एक, त्यामुळं ते चटकन पटतंही. पण जरा थांबू. आपल्या ज्वारी-हरभऱ्यात जी काळवीटं येतात, ज्यांच्या नावानं शेतकरी रात्री जागतो, ते जनावर दाट जंगलातलं नाही. ते उघड्या माळाचं, गवताचं आहे. ते इथं पिढ्यान्‌पिढ्या असेल तर इथं निदान काही भागात गवताळ रानं असणार. अलीकडेच, २०२५ मध्ये, आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी पश्चिम महाराष्ट्राबद्दल असंच काम प्रसिद्ध केलं. त्यांनी जुन्या मराठी वाङ्मयात उल्लेखलेली झाडं तपासली आणि दाखवलं की तिथली गवताळ रानं शेकडो वर्षांची जुनी आहेत, उद्ध्वस्त जंगलाचे ते अवशेष नव्हेत. म्हणजे ज्याला आपण ‘पडीक’ म्हणून नावं ठेवली, ज्यात खड्डे घेऊन झाडं लावली, ते गायरान हेच कदाचित मूळचं होतं. पर्यावरणाच्या इतिहासात ‘पूर्वी सगळं चांगलं होतं’ हे गृहीत धरणं ‘मृग राहिला नाही’ इतकंच आळशी आहे.

पुरावा मात्र आपल्या जिभेवरच पडलेला असतो. जिल्ह्याच्या नकाशावर गावांची नावं वाचा : बोरी, जांब, लिंबा, बाभळगाव, ताडकळस. ही झाडांची यादी आहे, आणि बोर-बाभूळ ही उघड्या रानाचीच झाडं. झरी हे नाव घ्या. गावाला हे नाव पडलं तेव्हा तिथं झरा वाहत असणार, आणि तोही नाव देण्याइतका भरवशाचा. पोखर्णी म्हटलं की पुष्करिणी आठवतेच. आम्ही विद्यार्थ्यांना एक खेळ द्यायचो : आपल्या गावाच्या नावातलं झाड किंवा पाणी आज गावात दाखवा. बरीच मुलं परत येऊन हसायची. हसून झालं की मग तास सुरू व्हायचा.

आता त्या पाण्याकडं. परभणी जिल्हा बारवांचा. सेलू तालुक्यातल्या वालूरची बारव तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल, चक्रासारख्या फिरत खाली जाणाऱ्या पायऱ्यांची. अनेक वर्षं ती कचऱ्यात हरवली होती. गावकऱ्यांनी श्रमदानानं मोकळी केली. जिंतूर तालुक्यात चारठाण्याला मंदिरांच्या जोडीला बारव आहे. यादवकाळाच्या आसपासचं हे सगळं काम. लोक शिल्पं बघतात, देवकोष्ठं बघतात, फोटो काढतात. ते ठीक आहे. आम्हाला मात्र बारवेच्या पायऱ्यांमध्येच जास्त रस आहे.

पायरी कशाला असते? विहिरीत दोर सोडला की पाणी वर येतं. माणसाला खाली जावं लागत नाही. बारवेत माणूस पाण्याकडं जातो. श्रावण-भाद्रपदात चार पायऱ्या उतरल्या की घागर बुडते. मार्गशीर्षात पंधरा. वैशाखात पार तळाशी, आणि भरलेली घागर डोक्यावर घेऊन तेवढंच वर. म्हणजे पाणी किती खाली गेलं हे सांगायला कुणी अधिकारी लागत नव्हता; ते रोज गुडघ्यांना कळत होतं. मुख्यतः बायकांच्या गुडघ्यांना, हेही सांगितलं पाहिजे. आणि कोणत्या जातीच्या माणसाला ती पायरी उतरायची मुभा होती, हा प्रश्न विचारल्याशिवाय बारवेचं कौतुक करू नये. महाडचं चवदार तळं १९२७ चं; ते काही फक्त कोकणातलं दुखणं नव्हतं. तेव्हा बारव ही सुवर्णयुगाची खूण म्हणून आम्ही सांगत नाही. सांगायचं एवढंच आहे की जे पाणी त्या बारवेवर होतं, ते ज्यांना उतरू दिलं त्या सगळ्यांना एकाच वेळी एकाच पातळीवर दिसत होतं. आज तेराव्या पायरीला पाणी आहे म्हणजे सगळ्यांसाठी तेराव्या पायरीला आहे.

मोटेच्या विहिरीचंही तसंच. इथं तरुण मंडळी बसली आहेत, त्यांनी मोट पाहिली नसेल, म्हणून सांगतो. कातड्याची किंवा पत्र्याची मोठी बादली, तिला नाडा आणि सोंदूर, विहिरीच्या काठाशी चाक, आणि बैल पुढं चालत जातात तो उतार, धाव. बैल धावेच्या टोकाला पोचले की मोट वर येऊन थारोळ्यात रिती होते. आता गंमत बघा. मोट तळापासून वर यायची तर बैलांना जवळपास तेवढंच अंतर चालावं लागणार. म्हणजे धाव हा त्या काळच्या पाणीपातळीचा दगडमातीत लिहून ठेवलेला आकडा आहे! आमच्या विहिरीची धाव आम्ही एकदा टेपनं मोजली. पस्तीस फुटांच्या आत भरली. याचा अर्थ, ज्यानं ती बांधली त्याला पस्तीस फुटांखालून पाणी काढायची गरज पडेल असं वाटलं नव्हतं. बैल आणि माणूस दमले की उपसा थांबायचा. तेवढ्यात विहिरीला पुन्हा पाझर फुटायचा. दमणं हीच मर्यादा होती. कुणी शहाणपणानं घातलेली नव्हे, बैलाच्या खांद्यानं घातलेली.

मग हे सगळं बदललं कधी? आमच्या पिढीसमोर. १९७२.

तसं १९७० पासूनच पाऊस कमी-अधिक ओढ देत होता. ७२ ला कणा मोडला. आम्ही तेव्हा नुकतेच पदवीधर झालो होतो. दुष्काळी कामावर हजेरी लिहायला बसायचो. खडी फोडणाऱ्या बायका, सुकडी, अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी, हे सगळं आठवतं. मिलोची भाकरी थापता यायची नाही, आईला त्याचंच जास्त दुःख. त्या कामांतून रोजगार हमीची कल्पना राज्यभर पसरली, पाझर तलाव झाले, रस्ते झाले. परभणीचं कृषी विद्यापीठही त्याच वर्षी, १८ मे १९७२ ला सुरू झालं. पण इतिहासात ज्याची नोंद कमी घेतली जाते असं एक काम त्याच काळात आपल्या शेजारच्या जालन्यात चाललं होतं : हातपंपाचं.

खडक फोडून खोल भोक पाडणारी यंत्रं साठ-सत्तरच्या दशकांत दुष्काळी भागांत आली. भोक पाडता येत होतं, पण वर बसवलेले बिडाचे पंप महिन्याभरात मोडायचे. ते पंप युरोप-अमेरिकेतल्या एका कुटुंबाच्या अंगणासाठी घडवलेले. इथं एकेका पंपावर पहाटेपासून रात्रीपर्यंत सगळा गाव. जालन्यात मिशनच्या मंडळींनी पोलादाचा दणकट पंप बनवला, सोलापुरात त्यात आणखी सुधारणा झाली, आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात युनिसेफच्या पुढाकारानं त्यातून ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला. जगातल्या सर्वाधिक वापरल्या गेलेल्या हातपंपांपैकी हा एक. आफ्रिकेतल्या खेड्यांत आज जो हातपंप दिसतो त्याची वंशावळ जालना-सोलापूरपर्यंत येते. आपण त्याला हापसा म्हणतो. हापशानं लाखो माणसं, विशेषतः लेकरं, वाचवली. दलित वस्तीत पहिल्यांदा स्वतःचं पाणी आलं ते बऱ्याच गावांत हापशानं आलं. आम्ही हापशाविरुद्ध एक शब्द बोलणार नाही.

पण हापशानं एक दार उघडलं. खडकाच्या पोटात, दोनशे फुटांवर, पाणी आहे हे सगळ्यांना कळलं. हातानं हापसून जेवढं निघतं त्यानं थर आटत नाही. मग त्याच भोकात पाणबुडी मोटार आली, गावोगाव वीज आली, शेतीच्या विजेला हॉर्सपॉवरवर ठोक आकारणी आली. बैल दमतो, मोटार दमत नाही, फार तर जळते. पाठोपाठ बोअरच्या गाड्या आल्या. त्यांच्यावरची पाटी वाचलीत का कधी? तमिळमध्ये असते. तिरुचेंगोडे नावाचं एक गाव आहे तमिळनाडूत, तिथल्या गाड्या सगळ्या देशाचा खडक फोडत फिरतात. रात्रीतून येतात, पहाटेला तीनशे फूट पाडून पुढच्या गावी. बारव बांधायला किती हंगाम लागले असतील त्याचा विचार करा.

आणि इथं तो बदल झाला ज्याच्यासाठी आज आम्ही उभे आहोत. पाणी दिसेनासं झालं. बोअरला पायरी नाही, धाव नाही, काठ नाही. सहा इंचांच्या पाइपात वाकून पाहिलं तर काळोख दिसतो. खाली पातळी दहा फूट घसरली की शंभर फूट, बटण दाबणाऱ्याला सारखंच. पाणी एक दिवस येतं आणि एक दिवस येत नाही. त्यामुळं बोअर ‘गेलं’ म्हणतात, एखादा माणूस गेल्यासारखं, आणि दुसरं घेतात, आणखी खोल. आमची अण्णांशी भांडणं व्हायला हवी होती. झाली नाहीत, कारण भांडायला काही दिसतच नव्हतं. दोन शेतकरी बांधासाठी वीतभर जमिनीवरून कोर्टात जातात, पिढ्या घालवतात. पण बांधाखालून वाहणाऱ्या पाण्यावरून आम्ही दोन्ही घरं पेढे खात बसलो.

कायद्याचा इतिहासही याच आंधळेपणाचा आहे. १८६१ साली अमेरिकेत ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयापुढं शेजाऱ्याच्या झऱ्याचं पाणी आटल्याचा दावा आला. न्यायालयाचा सूर असा की जमिनीखालच्या पाण्याची हालचाल इतकी गूढ, इतकी लपलेली आहे की तिच्याबद्दल नियम करणंच अशक्य. इंग्लंडच्या न्यायालयानंही १८४३ मध्ये जमीनमालकाच्याच बाजूनं निकाल दिला होता. आपल्याकडं १८८२ चा सुविधाधिकार कायदा त्याच वळणावर गेला : ज्याची जमीन, त्याला खालचं पाणी उपसायचा हक्क. तेव्हा ते कदाचित क्षम्य होतं, कारण उपसायला बैलच होते. आज उपकरण एकविसाव्या शतकाचं आणि हक्काची कल्पना मोटेच्या काळची, अशी जोडी आहे. महाराष्ट्रानं २००९ चा भूजल कायदा केला, तो २०१४ मध्ये अमलात आला; त्यात साठ मीटरपेक्षा, म्हणजे दोनशे फुटांपेक्षा, खोल विहीर घेऊ नये असं आहे. सभागृहात ज्यांच्या शेतातलं बोअर दोनशे फुटांच्या आतलं आहे त्यांनी हात वर करावेत... बरं, राहू द्या.

कुणी म्हणेल, सर, जायकवाडी विसरलात. विसरलो नाही, मुद्दाम शेवटी ठेवलं. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी पैठणला पायाभरणी केली, २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी लोकार्पण. डावा कालवा २०८ किलोमीटरचा, त्याचा शेवट परभणी जिल्ह्यात. म्हणजे आपण ‘टेल’चे लोक. कालवा आला तेव्हा मराठवाडा बदलणार असं आम्हा सगळ्यांना वाटलं, आणि काही प्रमाणात बदललाही. पाथरी-मानवतकडच्या कालव्याशेजारच्या विहिरींना पाझरानं पाणी वाढलं. माणूस फक्त पाणी खालीच नेतो असं नाही, वरही आणतो. पण काळी माती निचरा करत नाही. तिला ज्वारीची सवय, तिच्यावर उसाचं पाणी सोडलं. लाभक्षेत्रात काही ठिकाणी रानं चिबडली, खारवटली. एकाच कालव्यावर वरच्या भागात पाणी साचून जमीन गेली आणि खालच्या भागात पाणी न पोचल्यानं पीक गेलं. या दोन्ही गोष्टींना लोक आपापल्या गावात ‘नशीब’ म्हणाले. टेलच्या शेतकऱ्याला हेडचं शेत दिसत नाही. नाशिक-नगरच्या धरणांत किती अडलं हे पैठणच्या भिंतीवरून दिसत नाही. समन्यायी वाटपाचा कायदा २००५ साली झाला, आणि दर तुटीच्या वर्षी वरून पाणी सोडण्यावरून आंदोलनं, कोर्टकज्जे सुरू. पण निदान तिथं भांडण तरी आहे. धरणाच्या पाण्याला आकडा आहे, टक्केवारी रोज वर्तमानपत्रात छापून येते, म्हणून भांडता येतं. जमिनीखालच्या पाण्यासाठी अजून कुणी मोर्चा काढलेला आम्ही पाहिला नाही. तो काढायचा कुणावर? स्वतःच्याच घरावर?

तो आकडा अस्तित्वातच नाही असंही नाही. त्याच काळात राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली. तिच्या निरीक्षण विहिरी गावोगाव ठरलेल्या आहेत, आणि वर्षातून चार वेळा त्यांतली पातळी मोजली जाते. पन्नास वर्षांची नोंद आहे ही. इतिहासकाराला याहून चांगला दप्तरखाना कुठं मिळणार? पण आम्ही एकदा चार-पाच गावांत विचारत फिरलो : तुमच्या भागातली निरीक्षण विहीर कोणती? ग्रामपंचायतीतही सांगता येईना. एका ठिकाणी एका म्हाताऱ्या बाईंनी सांगितलं, “ते साहेब येतात, टेप सोडतात अन् जातात, ती का?” तीच.

अण्णांची विहीर आजही आहे. नातवानं तीत गोटे-माती टाकून अर्धी बुजवली, उरलेल्या भागावर पत्रा टाकला आहे. त्याच्या बाजूला त्याचं बोअर, आमच्यापेक्षा खोल. आमचं बोअर हल्ली फेब्रुवारीत थांबतं. गेल्या उन्हाळ्यात आम्ही त्याला पावसाचे आकडे, १९८८ सालची गोष्ट, सगळं सांगितलं. काही काळ तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “काका, मग पेढे तुम्ही द्यायला पाहिजे होते की आम्ही मागायला?” आम्हाला उत्तर सुचलं नाही. त्यानंतर आम्ही दोघं मिळून दोन्ही विहिरींची धाव आणि खोली मोजली, दोन्ही बोअरची पाणीपातळी दोरीला वजन बांधून मोजली, आणि एका वहीत तारीख घालून लिहिली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो मोजतो, फोन करून सांगतो. चौदा नोंदी झाल्या आहेत.

ज्यांना वही बघायची असेल त्यांच्यासाठी ती इथं टेबलावर ठेवली आहे. प्रश्न असतील तर घेऊ या.